ओळखा केवढ्याला!

पुण्यात घरात नवी वस्तू आली की पाहुण्याची परीक्षा सुरू होते. तो सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच वस्तू त्याच्या मांडीवर येते आणि प्रश्न पडतो, "ओळखा केवढ्याला?" या प्रश्नाचं खरं उत्तर देणं असभ्यपणाचं समजलं जातं. वळण लागलेला पाहुणा मनात आलेल्या आकड्याची दुप्पट करतो, वर शे-पन्नास शिष्टाचाराचे घालतो आणि म्हणतो, "सहाशेच्या खाली नसावी." मग यजमान क्षणभर थांबतो, बायकोकडे बघतो आणि हळूच सांगतो, "एकशे ऐंशी!" पाहुण्याने "काय सांगता!" म्हटलं की आत चहाचं आधण चढतं. आमच्या मेव्हण्याने एकदा बेसावधपणे थेट "एकशे ऐंशी" सांगितलं. चहा मिळाला, पण त्यात आलं नव्हतं.

आमच्या घराण्यातली मुख्य परीक्षक म्हणजे माझी आत्या. राहायला सदाशिव पेठेत, त्यामुळे तुळशीबाग हाकेच्या अंतरावर. तिथले काही दुकानदार तिला लांबून ओळखतात आणि ती पायरी चढायच्या आत मनातल्या मनात भाव साठ रुपयांनी वाढवून ठेवतात, कारण पन्नास कमी केल्याशिवाय ती पायरी उतरत नाही. दोन्ही पक्ष खूश असतात. परवा ती दोन पीलर घेऊन आली.

"आत्या, तुझ्याकडे चार पीलर आहेत ना?"

"अरे, तीस रुपयांना दोन देत होता."

"पण तुला लागतात कुठे?"

"लागायला मी पीलर घेतलाच कुठे? मी भाव घेतला."

या एका वाक्यात आमचं सगळं अर्थशास्त्र आलं. वस्तू महिनाभर टिकते, भावाची गोष्ट वीस वर्षं सांगता येते. आत्याने कोणे एके काळी आणलेलं गजराचं घड्याळ पहिल्याच आठवड्यात बंद पडलं होतं. ते बंद पडल्याचं आता कुणाला आठवतही नाही. चाळीसचं अठ्ठावीसला आणलं, हे मात्र नातवंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

माझ्या पिढीने तुळशीबाग मोबाइलमध्ये आणली. इथे घासाघीस करायला माणूस नसतो, म्हणून कंपनी दोन्ही बाजू स्वतःच सांभाळते. आधी १९९९ म्हणते, मग स्वतःच ते खोडते आणि २९९ म्हणते. ते १९९९ आजवर पृथ्वीच्या पाठीवर कुणी दिले असतील असं मला वाटत नाही. तो आकडा खोडला जाण्यासाठीच जन्माला येतो. पण ती खोडरेघ पाहिली की माझ्या पोटात कालवतं. सतराशे रुपये समोर पडलेत आणि उचलायला कुणी नाही! मी उचलतो. मग खाली बारीक अक्षरांत कळतं की घरपोच आणायचे चाळीस पडतील, पण पाचशेची खरेदी केली तर फुकट. चाळीस रुपये वाचवण्यासाठी दोनशे एक रुपयांचं काहीतरी शोधण्यात माझे रविवार जातात. अशाच एका रविवारी आमच्याकडे अ‍ॅव्होकॅडो कापायचं यंत्र आलं. आमच्या घरात अ‍ॅव्होकॅडो अजून आलेला नाही. आलाच तर आमची तयारी आहे.

घेण्याआधी मी लोकांचे अभिप्राय वाचतो, अगदीच आंधळेपणाने घेत नाही. "वस्तू छान आहे, अजून उघडून पाहिली नाही, पाच तारे." अशा विचारी माणसांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

आता छत्रीचं घ्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात फुटपाथवर दीडशे रुपयांना छत्र्यांचे ढीग लागतात. ती मी घेतली, खटका दाबला, फट्दिशी उघडली, विकणारा म्हणाला, "बघा, कशी झकास उघडते." तिच्या उघडण्याविषयी माझी आजही तक्रार नाही. लकडी पुलावर वारं आलं आणि ती आणखी उघडली. म्हणजे आधी माझ्या बाजूला उघडली होती, ती आता आकाशाच्या बाजूला उघडली आणि तिच्यात पाणी साचू लागलं. समोरून येणाऱ्या एका गृहस्थांचीही तशीच झाली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "दीडशे?" त्यांनी विचारलं. "दीडशे," मी म्हटलं. त्यांनी एकशे तीसला घेतली होती. भिजलेला माणूसही किती तुच्छतेने हसू शकतो, ते मी त्या पुलावर पाहिलं.

छत्री दुरुस्तीवाला नेहमीच्या कोपऱ्यावर पत्र्याची पेटी मांडून बसला होता.

"काडी गेलीय," तो म्हणाला.

"मग बदला."

"हिची बदलता येत नाही. पातळ पत्रा आहे. एक काढली की शेजारची पण येते."

"काहीतरी कराच. किती होतील?"

"ऐंशी."

"अहो, अख्खी छत्री दीडशेला आणलीय!"

"तेच म्हणतो. नवी घ्या."

छत्री दुरुस्त करणारा माणूस नवी छत्री घ्यायला सांगतो, हे मला डॉक्टरने नवा माणूस आणायला सांगितल्यासारखं वाटलं. पण त्याचं गणित पक्कं होतं. माझं आणि त्याचं, दोघांचंही गणित पक्कं असल्यामुळे छत्री कचऱ्यात गेली. पुढच्या जूनमध्ये पाहतो तर त्याच कोपऱ्यावर, त्याच पेटीवर त्याने दीडशेच्या नव्या छत्र्या मांडलेल्या.

"दुरुस्ती बंद?"

"बंद."

"हा धंदा बरा आहे का?"

"चांगला आहे की! गेल्या वर्षीचंच गिऱ्हाईक परत येतं," तो म्हणाला आणि माझ्यासाठी एक उघडून धरली.

नव्वद रुपयांच्या चार्जरचं प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात मोबाइल पंधरा हजारांचा होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं आपल्याकडे म्हणतात. इथे कोंबडीने मसाल्यासकट स्वयंपाकघर जाळलं.

दिव्यांच्या बाबतीत मात्र मला थोडी ऐतिहासिक माहिती सापडली आणि बरं वाटलं. शंभरला तीन या भावाने आणलेले बल्ब आमच्याकडे एकामागून एक माना टाकत होते. दुकानदाराला गॅरंटी विचारली होती तेव्हा त्याने बल्ब होल्डरला लावून, पेटवून दाखवला होता. "लागला ना? मग?" त्याची गॅरंटी होल्डरपुरती होती. चिडून मी वाचायला बसलो, तेव्हा कळलं की १९२४ साली जगातल्या मोठमोठ्या दिवेवाल्या कंपन्या जिनिव्हात जमल्या आणि त्यांनी एक टोळी केली. टोळीचं नाव 'फीबस', म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव. सूर्याचं नाव घेऊन त्यांनी ठरवलं काय, तर घरातला बल्ब हजार तासांच्या फार पुढे जगता कामा नये. त्याआधी दीड-दोन हजार तास जळणारे बल्ब मिळत होते. कारखान्यांनी आपले नमुने स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवायचे आणि ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याने दंड भरायचा! कल्पना करा, एखादा प्रामाणिक इंजिनिअर साहेबापुढे मान खाली घालून उभा आहे. "दोन हजार तास? लाज नाही वाटत? घरी बायकामुलं आहेत ना?" दुसऱ्या महायुद्धात ती टोळी मोडली. तिकडे कॅलिफोर्नियात लिव्हरमोर नावाच्या गावी अग्निशमन दलाच्या ठाण्यात १९०१ सालचा एक बल्ब शंभरी ओलांडून मिणमिणतच राहिला, तो वेगळाच.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"वेडे होते," ती म्हणाली. "टोळी कशाला, प्रयोगशाळा कशाला, दंड कशाला? शंभरला तीन लावायचे. लोक आपण होऊन नेतात."

"आणि तो अग्निशमनवाल्यांचा?"

"तो मेला सेलमधला नसणार."

मेलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं? काही होत नाही, हाच घोळ आहे. महाग वस्तू मोडली की माणूस हळहळतो, दुरुस्त करतो, नाहीच झाली तर एकदाचा जड अंतःकरणाने निरोप देतो. स्वस्त वस्तूचं दुःखही होत नाही आणि तिला निरोपही देववत नाही. "असू दे, लागेल कशाला तरी," म्हणून ती माळ्यावर चढते. आमच्या माळ्यावर गरगर फिरणारी फरशी पुसायची बादली आहे, ती फिरत नाही. तिच्या झुपक्याचा जोड बादलीच्या निम्म्या किमतीला मिळतो. बाजूला प्रिंटर आहे. तो इतका स्वस्त होता की त्याच्या शाईच्या दोन डब्यांत दुसरा प्रिंटर आला असता. आमचा फ्लॅट कोथरूडला. तिथे चौरस फुटाचा भाव दहा हजारांच्या वर गेला, त्याला बरीच वर्षं झाली. त्या हिशेबाने आमची न फिरणारी बादली वीस हजारांच्या जागेत राहते. भाडं देत नाही, आणि तिला काढायचं म्हटलं की बायको म्हणते, "अहो, नवीच आहे!"

एका दुपारी मी कपाट आवरायला घेतलं आणि नव्याण्णव रुपयांवाले, पहिल्या धुण्यात लांबीचे रुंदीत गेलेले माझे सगळे टी-शर्ट बोहारणीपुढे ओतले. हल्ली बोहारणी कमी झाल्यात. ही एक अजून येते. तिने एक टी-शर्ट उचलला, दोन बोटांत चोळला, उजेडात धरला आणि माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाली,

"ताई, हे कापड नाय. ही क्यारीबॅग हाय."

"अगं, नवे आहेत सगळे."

"नवेच वंगाळ असत्यात. जुनं काय हाय का? सासऱ्याची पँट असंल तर बघा की."

माझ्या वडिलांची वीस वर्षांपूर्वी लक्ष्मी रोडवर कापड घेऊन शिवलेली पँट निघाली. तिने ती अदबीने पालथी केली, आतली शिवण पाहिली, मान डोलावली. पँटेला स्टीलचा डबा. माझ्या सगळ्या टी-शर्टांना मिळून चहाची गाळणी, तीसुद्धा "ताईचं त्वांड बघून". बॅंकेत मला कुणी कर्ज नाकारलं नव्हतं, पण नाकारल्यावर कसं वाटत असेल ते जिन्यातच कळलं. गाळणीची जाळी पहिल्याच चहात निसटून कपात पडली, तेव्हा व्यवहार बरोबरीत सुटला.

त्या टी-शर्टांची गोधडी शिवावी, असंही बायकोच्या मनात आलं होतं. आजीच्या लुगड्यांची गोधडी आमच्याकडे अजून आहे, धुऊन धुऊन मऊ झालेली. पण माझे टी-शर्ट पॉलिएस्टरचे. हिवाळ्यात अंधारात अंगातून काढताना त्यांच्यातून चटचट ठिणग्या उडतात. अशा गोधडीत झोपायचं म्हणजे उशाशी लिव्हरमोरचे ते अग्निशमनवालेच बसवायला हवेत.

जीन्सची तर वेगळीच तऱ्हा. मी तीनशेची जीन्स घेतली होती. आतल्या पट्टीवर 'मेड इन यूएसए' असं लिहिलेलं. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईकडच्या पोरासोरांना ठाऊक असतो, पण मला वाटलं, असेल बुवा अमेरिका, कुणी सांगावं. पहिल्या पावसात भिजलो आणि घरी येऊन पाहतो तर गुडघ्यापासून खाली मी निळा! साबण झाला, डाळीचं पीठ झालं, रॉकेल मिळेना. आत्या म्हणाली, "कृष्ण सगळा निळा होता, तू हप्त्याहप्त्याने होतोयस." नंतर समजलं की मला मिळालेला तो उरलासुरला रंग होता. उल्हासनगरात जीन्स धुण्याचे कारखाने फोफावले, तेव्हा मूळ रंग वालधुनी नदीत जायचा, सरळ नाल्यातून, प्रक्रिया वगैरे उपचार न करता. पुढे प्रदूषणावरून ते बंद करण्याची पाळी आली. मला तीनशेत जीन्स परवडली, ती अशी. नदीने वर्गणी भरली होती.

भंगारवाल्याने तर मला माझी जागाच दाखवली. मोडका पंखा, मोडका टेबललॅम्प, मोडकं भाजी चिरायचं यंत्र असा ऐवज मी त्याच्या हातगाडीवर ठेवला. त्याने प्रत्येकाला खालून टिचकी मारली.

"साहेब, यात लोखंड नाय. तांबं नाय. प्लास्टिक पण सरळ नाय, चार जातीचं मिसळलंय. हे घेऊन मी काय करू?"

"मग काय द्याल?"

"तुम्ही काय द्याल ते बोला."

घेताना घासाघीस केली होती, तशी आता टाकताना करावी लागली. वीसवर सौदा ठरला, मीच दिले.

याच सुमारास ऑफिसात मी नवा जेवणाचा डबा नेला. तीन कप्पे, चमचा आत, वर छोटा पंखा. (पंखा कशाला, असं विचारू नका, तोही त्याच किमतीत होता.) माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ फुरसुंगीचे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर गेला, गावाच्या विहिरी नासल्या, तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. हे सगळं मी पेपरात वाचायचो ते आमच्या गल्लीतला कचरा दोन दिवस उचलला नाही म्हणून वैतागून. तर मी नेहमीच्या उत्साहाने डबा त्यांच्यापुढे धरला, "ओळखा केवढ्याला?"

त्यांनी झाकण उघडलं, बिजागरी बघितली, तो पंखा एकदा फिरवला.

"केवढ्याला ते राहू द्या," ते म्हणाले. "आमच्याकडे कधी पोचेल ते सांगा."

त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत त्यांना माझ्यातली भाजी वाढली. एरवी मी वाढत नाही.

श्रावण लागला तशी आत्या राख्या घेऊन आली. दहा रुपयांना एक, तीही घसघशीत, मोती, टिकल्या, मधे छोटा गणपती. टेबलावर मांडून ती माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होती, तेवढ्यात आमच्या कामाच्या ताई केर काढता काढता थांबल्या. त्यांनी एक राखी उचलली, पालथी केली.

"ही आमच्यातली हाय."

"तुमच्यातली म्हणजे?"

"माझ्या सुनेनं केलेली. गाठ बघा ना. ती डावरी हाय, तिची गाठ उलटी पडते."

गाठ खरंच उलटी होती. मग समजलं की वस्तीतल्या निम्म्या घरांत दुपारी हेच चालतं. शेठ मण्यांच्या पिशव्या टाकून जातो, बायका ओवतात, तो मोजून घेऊन जातो.

"मिळतं काय?" मी विचारलं.

"डझनाला सहा रुपये. मणी हरवला तर त्याचे कापतो."

म्हणजे राखीला आठ आणे. मी आत्याकडे पाहिलं. ती गप्प झाली होती. चष्मा काढून पदराने पुसत होती. आत्याला असं मी क्वचितच पाहिलंय. मी म्हटलं, जाऊ दे, बोलू नये, आत काहीतरी हललंय.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "मधल्यामधे साडेनऊ रुपये कोण खातं?"

"शेठ, टेम्पोवाला, दुकानवाला..."

"मग आपण थेट तुझ्या सुनेकडूनच घेऊ की! तिचंही भलं, आपलंही भलं. शेठ सहा देतो ना? मी डझनाला आठ देते!"

दुसऱ्या दिवशी सून पिशवी घेऊन आली. विशी-बाविशीची, ठसठशीत कुंकू, डाव्या हातात मोबाइल. आत्या पाट मांडून बसावं तशी सोफ्यावर बसली.

"आठ," आत्या म्हणाली.

"एकीचे ना?"

"डझनाचे गं!"

"आजी, सहा नुसत्या ओवायचे. मणी शेठचे, धागा शेठचा, गणपती शेठचा. तुम्ही काय काय आणलंय?"

आत्याने काहीच आणलेलं नव्हतं.

"बरं, सामान तुझं धरून बोल."

"नऊला एक."

"दुकानात दहाला आहे!"

"मग एक रुपया वाचला की तुमचा."

"मधला दलाल गेला ना पण आता?"

"गेला कुठं? आता मीच हाय."

आत्याने सात म्हटलं, साडेसात म्हटलं, आईविना वाढलेल्या भाच्यांचा दाखला दिला, जे आम्ही कुणी नाही. सुनेने पिशवीचे बंद आवळले, चपला घातल्या आणि जिना उतरू लागली. पहिल्या मजल्यापर्यंत तिच्या पावलांचा आवाज आला. मागे वळून बघितलं नाही पोरीने. आणि आमच्या आत्याने, जिने उभ्या आयुष्यात दुकानदारांना मागे धावायला लावलं, तिने कठड्यावरून वाकून हाक मारली,

"अगं ए! ये वर! साडेआठ देते!"

सून वर आली. "देते साडेआठला," ती म्हणाली, "पण गाठी तुम्ही मारायच्या."

आत्या सध्या आमच्या हॉलमध्ये बसून गाठी मारते आहे. तीन डझन व्हायच्या आहेत, मान धरली आहे, संध्याकाळी मी मलम चोळून देतो. पहिल्या डझनात तिच्या हातून दोन मणी सोफ्याखाली गेले. सुनेने त्याचे पैसे लावले.